पोरात हुनर आहे, मेहनतही आहे. मग कमी काय पडतंय? विदर्भ क्रिकेटचा धडा आणि आपले मोहल्ल्यातले क्लब

धरमपेठेत, कॉफी हाऊस चौकापासून थोडं आत, एका परिचितांच्या घरी नुकतीच एक छोटी बैठक झाली. आम्हालाही बोलावणं होतं. विषय होता मोहल्ल्यातल्या एका क्रीडा क्लबचा. सात-आठ माणसं जमली होती: एक डॉक्टर, एक ठेकेदार, एक निवृत्त शिक्षक आणि बाकी खेळणाऱ्या मुलांचे वडील. क्लबकडे थोडी रक्कम जमली होती आणि ती कशावर खर्च करायची, हे ठरवायचं होतं.

ठेकेदार म्हणाले, "दोन रात्रींची टेनिस बॉल स्पर्धा घेऊ. मोठी ट्रॉफी ठेवू. एखादा नावाजलेला खेळाडू पाहुणा म्हणून आणू. नाव होईल."

निवृत्त सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाव कोणाचं होईल भाई? पोरांचं की आपलं?"

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एक वडील, जे तोवर गप्प होते, म्हणाले, "आमचा पोरगा चांगला खेळते, असं सारेच म्हणतात. मेहनत बी करते. फजरनंतर मैदानावर असते. तरी पुढं काही सरकत नाही. कमी काय पडते, तेच समजत नाही."

घरी परतताना आमच्या डोक्यात हाच प्रश्न होता. कमी काय पडतं? आपल्या हजारो घरांत हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरं ठरलेली असतात. कोणी म्हणतं, "पोरात दम नाही." कोणी म्हणतं, "आपल्याला कोण घेतंय?" दोन्ही उत्तरं देऊन माणूस मोकळा होतो, पुढं काही करावं लागत नाही. खरं उत्तर शोधायचं तर खेळाडूबरोबरच त्याच्यामागची संस्था बघावी लागते. त्यासाठी लांब जायची गरज नाही. धरमपेठेतून सायकलनं सिव्हिल लाइन्सला जा. तिथं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान आहे, आणि या असोसिएशनच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासात आपल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

बेरीज नव्हे, गुणाकार

माणसाची कामगिरी कशानं ठरते, यावर व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. मेल्विन ब्लमबर्ग आणि चार्ल्स प्रिंगल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1982 मध्ये एक साधी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की कामगिरीला तीन गोष्टी लागतात. पहिली क्षमता, म्हणजे अंगातला हुनर, ज्ञान, तब्येत. दुसरी इच्छा, म्हणजे मेहनतीची तयारी आणि जिद्द. आणि तिसरी संधी. संधी म्हणजे नुसतं संघात नाव येणं नव्हे. मैदान, साहित्य, शिकवणारा माणूस, खेळायला मिळणारे सामने, वरच्यांचे निर्णय, हातात असलेला वेळ, हे सगळं त्यात आलं.

यातली खरी गोम पुढं आहे. या तीन गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. बेरजेत एक आकडा शून्य असला तरी बाकीचे दोन तारून नेतात. गुणाकारात एक शून्य आला की सगळं शून्य. पोरात हुनर दहापैकी नऊ, मेहनत नऊ आणि संधी शून्य असेल, तर उत्तर शून्यच. त्या वडिलांच्या मुलाचं बहुधा हेच होत असावं.

आपण पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर बोलतो. हुनराचं कौतुक करतो, मेहनत कमी पडली की रागावतो. तिसरी गोष्ट मात्र नशिबावर सोडून देतो. पण संधी ही बरीचशी माणसांनी ठरवून उभी करायची गोष्ट आहे, आणि ती उभी करणं हेच क्रीडा संस्थेचं मुख्य काम आहे.

उमेश यादवचं उदाहरण विदर्भातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नागपूरजवळच्या वलनीचा मुलगा, वडील कोळसा खाणीत कामगार. वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. वेग अंगात होता, ताकद होती, जिद्द होती. लेदर बॉल हातात आला, क्लब मिळाला, आणि विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याच्यावर भरवसा टाकला. 2008 मध्ये तो रणजी खेळला आणि 2011 मध्ये भारताकडून कसोटी. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. त्याचा वेग रणजीच्या आदल्या वर्षीही होताच. बदलला तो गुणाकारातला तिसरा आकडा. आता मनाशी विचार करा: ताजबाग, जाफरनगर, मोमिनपुरा, कामठी इथं असे किती आकडे शून्यावर अडकून पडले असतील?

साठ वर्षं आणि एक मोसम

विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडक खेळतो. साठ वर्षं त्याला एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. मुंबई, कर्नाटक, दिल्लीचे संघ विदर्भाकडे हक्काचे गुण म्हणून बघायचे. मग 2017-18 चा मोसम आला. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या 5 धावांनी हरवलं. रजनीश गुरबाणीनं त्या सामन्यात 12 बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅट्ट्रिक झाली, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं आणि 1 जानेवारी 2018 रोजी नागपूरचा फैज फजल रणजी करंडक हातात घेऊन उभा होता. त्या मोसमात त्याच्या स्वतःच्या 912 धावा होत्या. पुढच्याच वर्षी जामठ्यात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भानं करंडक राखला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही जिंकला.

आता प्रश्न असा की विदर्भाच्या मातीत 2017 मध्ये एकाएकी हुनर उगवला का? अर्थातच नाही. पोरं आधीही होती, मेहनतही होती. बदल संस्थेत झाला होता आणि तो हळूहळू झाला होता. जामठ्याचं नवं स्टेडियम 2008 मध्ये सुरू झालं. निवासी अकादमी उभी राहिली, म्हणजे अकोल्या-यवतमाळच्या मुलाला नागपुरात कुठं राहायचं ही चिंता उरली नाही. वेगवान गोलंदाजांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारखा माणूस मिळाला. आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात राहिली आहे. ज्या मोसमात मोठ्यांनी रणजी जिंकली, त्याच मोसमात विदर्भाच्या 19 वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेनं 320 धावा केल्या. म्हणजे वरचं फळ पिकत होतं तेव्हा खालच्या फांद्यांनाही मोहर आला होता. नशिबानं एखादा करंडक मिळतो. दोन वयोगटांत एकाच वर्षी यश येतं, तेव्हा त्यामागं कोणीतरी वर्षानुवर्षं केलेली मशागत असते.

त्यात शेवटची भर पडली ती दोन जाणत्या माणसांची. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, ज्यांनी 2015-16 मध्ये मुंबईला रणजी जिंकून दिली होती. आणि संघात होते वसीम जाफर.

उस्तादाकडून नेमकं काय घ्यायचं?

आपल्याकडे उस्ताद-शागिर्दाची रीत जुनी आहे. कुस्तीचा आखाडा असो, जरीकाम असो की गाण्याची तालीम, शागिर्द उस्तादाजवळ बसून शिकतो. ही रीत सुंदर आहे, पण तिच्यात एक धोका आहे. उस्तादाला जे दिसतं ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. आणि उस्ताद गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

अभ्यासकांनी या धोक्यावर एक वाट काढली. तज्ज्ञ माणूस कसा बघतो, कसा ठरवतो, हे बारकाईनं टिपायचं आणि त्याचा असा नमुना बनवायचा की दुसऱ्याला तो शिकता येईल. याची सुरुवात बुद्धिबळातून झाली. दिव्या देशमुखच्या नागपूरला बुद्धिबळ वेगळं सांगायला नको. 2025 च्या जुलैमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

तर 1940 च्या दशकात आड्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञानं मोठ्या बुद्धिबळपटूंना विचार करताना मोठ्यानं बोलायला लावलं. लोकांना वाटायचं की मोठा खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा खूप जास्त चाली पुढं बघत असेल. तसं फारसं आढळलं नाही. फरक वेगळाच होता: मोठ्या खेळाडूची नजर पटावर पडताच योग्य जागी जात होती. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पुढचा प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर उस्ताद खेळाडूला ती जवळपास पूर्ण आठवायची आणि नवशिक्याला मोजकीच मोहरी. पण मोहरी कशीही विस्कटून ठेवली, तर उस्तादाची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती काही जादूची नसते. त्याच्या डोक्यात त्याच्या खेळाच्या ओळखीच्या आकृत्या साठलेल्या असतात, आणि ओळखीची आकृती दिसली की पुढची चाल आपोआप सुचते.

यातून क्रीडा संस्थेनं घ्यायच्या गोष्टी दोन.

पहिली: उस्तादाची बाहेरची नक्कल करून उपयोग नाही. जाफरसारखी बॅट, जाफरसारखा पवित्रा, यानं काही होत नाही. तो कोणता चेंडू सोडतो, सोडायचा हे कशावरून ओळखतो, पहिल्या तासात काय बघतो, थकल्यावर काय बदलतो, हे विचारायला हवं. विदर्भाच्या पोरांना ती सोय रोज होती. रणजीत बारा हजार धावांचा टप्पा सर्वांत आधी गाठणारा माणूस त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पॅड बांधत होता. वयाच्या चाळिशीत, 2018-19 च्या मोसमात, त्यानं 1037 धावा केल्या. पुस्तकातून जे शिकायला दहा वर्षं लागतात ते अशा सोबतीत एका मोसमात दिसतं.

दुसरी: उस्तादाची नजर त्याच्या पटापुरती असते. मैदानावर ज्याला सगळं दिसतं, त्याला कमिटीच्या टेबलावर तसंच दिसेल असं नाही. तिथं त्याच्यासाठी मोहरी विस्कटलेली असतात. आपल्या क्लबांत हमखास होणारी चूक हीच. चांगला खेळाडू निवृत्त झाला की त्याला अध्यक्ष करतात, हिशेब त्याच्याकडे, निवड त्याच्याकडे, परवानग्या त्याच्याकडे. मग तो बिचारा कशातच धड नसतो. आणि उलटही होतं. पैसे देणारे ठेकेदार संघ निवडायला बसतात. जो ज्या पटाचा उस्ताद, त्याला त्या पटावर बसवा, एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

तोच उस्ताद, दुसरं घर

यावर कोणी म्हणेल, मग मोठा माणूस आणला की झालं. तसं नाही. त्याचंही उदाहरण वसीम जाफर यांचंच आहे, आणि ते आठवलं की अजून त्रास होतो.

खेळणं थांबवल्यावर जून 2020 मध्ये ते उत्तराखंडचे प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पात्र नसलेल्या खेळाडूंसाठी निवडीत हस्तक्षेप होतो, असं कारण त्यांनी दिलं. त्यानंतर त्यांच्यावर संघात धर्म आणल्याचे आरोप झाले. त्यांनी ते जाहीरपणे फेटाळले, एकेक मुद्द्याला उत्तर दिलं. अनिल कुंबळे यांनी त्यांची बाजू घेतली.

या प्रकरणानं आपल्या अनेक घरांत जी वेदना झाली, ती खरी होती. पण इथं ती बाजूला ठेवून संस्थेच्या नजरेनं बघू. माणूस तोच, ज्ञान तेच, इमान तेच. नागपुरात त्याच्या सोबतीनं संघ दोनदा विजेता झाला, दुसऱ्या घरी वर्षभरही निभावलं नाही. निवड कोणाची, शेवटचा शब्द कोणाचा, मतभेद झाला तर तो कुठं नोंदवायचा, हे आधी लिहून ठरलेलं नसलं की वाद कामावरून सुरू होतो आणि माणसाच्या ओळखीवर जाऊन पोचतो. लेखी नियम असले म्हणजे द्वेष संपतो असं आमचं म्हणणं नाही. पण नियम नसले की द्वेषाला मोकळं रान मिळतं.

खुर्ची रिकामी राहिली नाही

संस्थेची खरी परीक्षा उस्ताद गेल्यावर होते. पंडित विदर्भ सोडून मध्य प्रदेशात गेले आणि 2021-22 मध्ये त्यांनाही रणजी जिंकून दिली. जाफर निवृत्त झाले. मधल्या काळात विदर्भ घसरला. 2019-20 मध्ये तर बाद फेरीही गाठता आली नाही. लोक म्हणाले, झालं, दोन वर्षांचा चमत्कार होता तो.

2024 मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. या वेळी प्रशिक्षक बाहेरून आणलेले नव्हते. ते होते विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान गनी. कर्णधार होता अक्षय वाडकर, तोच ज्यानं 2018 च्या अंतिम सामन्यात शतक केलं होतं. दानिश मालेवारनं 153 धावा केल्या. यश राठोडनं मोसमात 960 धावा केल्या. करुण नायर बाहेरून आला होता, त्याचा अनुभव आणि त्याचं शतक कामी आलं, हे नाकारायचं कारण नाही. पण कणा घरचा होता.

आम्हाला त्या सामन्यातली एक गोष्ट सगळ्यांत बोलकी वाटते. 2019 च्या अंतिम सामन्यात 11 बळी घेऊन विदर्भाला जिंकून देणारा डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे 2025 मध्ये केरळकडून खेळत होता. विदर्भाविरुद्ध त्यानं 79 धावाही केल्या. मोहल्ल्यातला क्लब असता, तर असा माणूस गेल्यावर कुलूप लागलं असतं. विदर्भाकडे त्याच्या जागी 22 वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे तयार होता. त्यानं त्या मोसमात 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी त्याआधी कोणीच घेतले नव्हते. एक गेला, खुर्ची रिकामी राहिली नाही. आमच्या मते संस्था चांगली चालली आहे हे ओळखायची खूण करंडकापेक्षा हीच आहे.

निकाल मोजू नका, काम मोजा

मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन कॅम्पबेल यांनी 1990 मध्ये एक भेद ठामपणे मांडला. कामगिरी म्हणजे माणूस प्रत्यक्ष काय करतो ते. निकाल वेगळा. निकालात नाणेफेक असते, पाऊस असतो, पंचाचा निर्णय असतो. जे आपल्या हातात नाही त्यावर माणसाला जोखणं म्हणजे अन्याय, आणि संस्थेला जोखणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आपल्या क्लबांकडे बघा. विचारलं की उत्तर येतं, "यंदा तीन ट्रॉफ्या." पण सरावाला रोज किती मुलं आली? त्यातली किती सहा महिन्यांनी टिकली? प्रत्येक मुलाला वर्षात खरे सामने किती मिळाले? दुखापत झालेला मुलगा परत आला की सुटला? शिकवणारा किती दिवस हजर होता? यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आणि इथंच त्या धरमपेठेच्या बैठकीतल्या प्रश्नाची गाठ सुटते. मुलाची निवड झाली नाही की आपल्याकडे दोन आवाज उठतात. एक म्हणतो भेदभाव झाला, दुसरा म्हणतो तू कमी पडलास. खरं काय? भेदभाव होतच नाही, असं म्हणणारा डोळे मिटून बसलेला आहे. प्रत्येक वेळी तोच झाला असं म्हणणारा मुलाला आरसा दाखवत नाही. पण हातात कागद नसेल तर दोघांपैकी कोण खरं, हे कोणीच सांगू शकत नाही. मुलाच्या दोन वर्षांच्या सामन्यांची, धावांची, बळींची, हजेरीची वही असेल तर दोन गोष्टी होतात. एक तर कुठं कमी पडतोय ते त्याला कळतं. आणि तो कमी पडत नसेल, तर ती वही निवड समितीसमोर ठेवता येते. नुसत्या भावनेवर कोणी निर्णय बदलत नाही. नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

हवाही थोडी त्या दिशेनं आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लोढा समितीच्या शिफारशी मान्य करून क्रिकेट संघटनांत वयाची आणि कार्यकाळाची मर्यादा आणली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळाची, क्रीडा लवादाची आणि कार्यकारिणीत महिला व नामवंत खेळाडूंसाठी जागांची तरतूद आहे. हा कायदा मोहल्ल्यातल्या क्लबपर्यंत येऊन काही करणार नाही, तो वरच्या महासंघांसाठी आहे. पण कुठलाही लवाद कागद मागतो. ज्याच्याकडे कागद नाही त्याला न्यायाच्या दारातूनही परत यावं लागतं.

"त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे काय आहे?"

हा आक्षेप त्या बैठकीतही आला आणि तो बरोबर आहे. विदर्भ असोसिएशनमागं बीसीसीआयचा पैसा आहे. आपला क्लब वर्गणीवर चालतो. स्टेडियम आपण बांधू शकत नाही, पंडितांना बोलावू शकत नाही.

पण संधीच्या रकान्यातल्या सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. काहींना फक्त विचार लागतो. निवड चाचणी जुम्याच्या नमाजाच्या वेळी ठेवली, तर कोणाच्याही मनात खोट नसताना काही मुलं बाहेर राहतात. आयोजकांना आधी भेटून वेळ बदलून घेणं हे क्लबचं काम आहे. रमजानमध्ये सराव बंद ठेवण्यापेक्षा तो इफ्तारनंतर हलका ठेवता येतो. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू असताना एका गोल किकच्या वेळी खेळ काही क्षण थांबला आणि वेस्ली फोफानानं रोजा सोडला. दोन्ही संघांनी आणि पंचांनी आधी बोलून ठेवलं होतं. खर्च शून्य. संधीचा आकडा मात्र वाढला.

मुलींचंही तसंच. "आपल्या मुली येत नाहीत" असं म्हणणं सोपं आहे. कपडे बदलायला बंद खोली आहे का, सरावाची वेळ अंधाराआधी संपते का, शिकवायला एखादी बाई आहे का, येण्याजाण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. चारपैकी तीन उत्तरं "नाही" असतील, तर मुली इच्छेअभावी नव्हे, संधीअभावी घरी आहेत.

आणि उस्ताद? ते आपल्याकडे आहेत. कामठीच्या रब्बानी क्लबपासून नागपूरच्या यंग मुस्लिमपर्यंत फुटबॉलवर जीव लावणाऱ्यांच्या पिढ्या या शहरानं पाहिल्या आहेत. साठीतले जुने बचावपटू चहाच्या टपरीवर बसून आजही सांगतात, पेनल्टीच्या वेळी मारणाऱ्याच्या पायाकडं नव्हे, कमरेकडं बघायचं. हे ज्ञान टपरीवर वाया चाललं आहे. एखाद्या मुलानं मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून ठेवलं, दहा प्रश्न विचारले: तुम्ही आधी काय बघायचा, कशावरून ठरवायचा, चूक कधी व्हायची, नवखा पोरगा इथं काय चुकतो. तोच आपल्या क्लबचा तज्ज्ञाचा नमुना. त्याला विद्यापीठाची गरज नाही. मात्र एक काळजी घ्यावी लागेल. जुन्यांचं सगळंच आजच्या खेळाला लागू पडत नाही. टिपलेलं मैदानावर तपासायचं, टिकेल ते ठेवायचं, बाकी आदरानं बाजूला करायचं.

मग त्या पैशाचं काय?

आमचं मत आम्ही त्या बैठकीत सांगितलं, इथंही सांगतो. रात्रीची स्पर्धा वाईट नाही. मोहल्ल्यात रौनक येते, पोरांना हुरूप येतो. पण ती दोन रात्रींत संपते, आणि तिसऱ्या दिवशी त्या वडिलांचा मुलगा तिथंच उभा असतो जिथं आधी होता. तीच रक्कम वर्षभर आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या एका शिकलेल्या प्रशिक्षकावर, लेदर बॉलच्या सामन्यांवर आणि दूरच्या चाचण्यांच्या प्रवासखर्चावर लावली, तर गुणाकारातला तिसरा आकडा हलतो. पाहुणा बोलावायचाच असेल, तर हार घालायला नको. मुलांसोबत दोन तास बसवायला बोलवा आणि प्रश्न आधी लिहून ठेवा.

मुलाला "फैज फजल हो" म्हणणं सोपं आहे. फैज फजल व्हायला आधी फैज फजल लागतो, हे खरं. पण त्याच्याभोवती मैदान, प्रशिक्षक, सामने आणि विश्वास टाकणारी माणसंही लागतात. मुलानं आपलं काम करावं, असं आपण रोज त्याला सांगतो. बाकीचं काम मोठ्यांचं आहे आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही.

त्या रात्री निर्णय झाला नाही. ठेकेदार भाई जरा नाराज होते, पण निघताना त्यांनीच विचारलं, "वहीत लिहायचं काय काय, ते सर, एकदा सांगून ठेवा." निवृत्त सरांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि खाली चार रकाने आखले: नाव, हजेरी, सामने, शेरा. मग त्या गप्प बसलेल्या वडिलांकडे वळून म्हणाले, "पोराचं नाव सांगा."

आपल्या मोहल्ल्यातल्या क्लबात अशी वही आहे का? नसेल तर येत्या इतवारी कोणीतरी घेऊन जा. तीस-चाळीस रुपयांची गोष्ट आहे.